एक रात्र मोटार बंद ठेवाल का?

प्रति,
हिंगोली, नांदेड, परभणी, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि सर्व शेतकरी बंधू-भगिनींना

सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका लहान गावचा. शिकून भूभौतिकीच्या कामात पडलो आणि गेली कित्येक वर्षं जमिनीच्या पोटातली वीज मोजत शिवारा-शिवारांतून हिंडतो. या कामाला मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण म्हणतात. तुमच्यापैकी काहींच्या रानात आम्ही येऊन गेलो आहोत. काहींनी आखाड्यावर बसवून चहा पाजला, भाकरी दिली. दोन गावांनी मात्र आम्हाला पांदणीतूनच परत फिरवलं. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. अनोळखी माणसं जीप घेऊन येतात, खड्डे खणतात, तारा अंथरतात, पेटी ठेवून निघून जातात. हे काय चाललंय ते कोणी सांगत नाही. मग माणूस आपल्या परीने अर्थ लावणारच. इथे खाण निघणार, जमिनी जाणार, यांनी खाली काहीतरी सोडलं म्हणून हादरे बसतात, असं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सांगायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नाही. म्हणून हे पत्र.

माझं मागणं छोटं आहे. आमची पेटी तुमच्या रानात किंवा शेजारच्या रानात असेल त्या रात्री पाण्याची मोटार आणि कुंपणाची झटका मशीन बंद ठेवता आली तर ठेवा. हे मागताना मी काय मागतो आहे याची मला जाण आहे. थ्री फेज लाईट आठवड्यातून ज्या रात्री मिळते त्या रात्रीचं पाणी म्हणजे काय, हे मी बापाच्या मागे बॅटरी धरून बारे देताना शिकलो.

मागच्या एका हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात पेटी लावली होती. हरभरा घाट्यात आलेला, ज्वारी हुरड्याला. अंधार पडल्यावर लॅपटॉप जोडून पाहिलं तर पडद्यावर कंगव्याच्या दात्यांसारखे एकसारखे टोचे. सेकंदाला एक, सेकंदाला एक. जमिनीतून येणारी लहर अशी शिस्तीत कधीच येत नाही. आम्ही तारा तपासल्या, खड्डे पुन्हा ओले केले, पेटी बदलली. टोचे तसेच. शेवटी आमच्यातला एक पोरगा बांधाबांधाने चालत गेला आणि तीन रानं पलीकडे त्याला टिक-टिक ऐकू आली. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन होती. सौर बॅटरीवरची, म्हणजे लाईट गेली तरी चालूच. ती दर सेकंदाला कुंपणाच्या तारेत झटका सोडते आणि परतीचा प्रवाह जमिनीतूनच जातो. आमच्या पेटीला तो अगदी कानाजवळ कोणी थाळी वाजवावी तसा ऐकू येत होता.

त्या रानाचे मालक साठीचे असतील. त्यांना उठवायला संकोच वाटला, पण गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कवर बंद ठिवायची?" मी म्हणालो, सकाळपर्यंत. त्यांनी हरभऱ्याकडे पाहिलं. "डुकरं एका रात्रीत अर्धा एकर झोपवतेत, साहेब." मग मी म्हणालो, काका, आम्ही दोघं तुमच्याबरोबर राखणीला बसतो. साडेअकराला मशीन बंद झाली. आम्ही तिघं घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत रानाच्या कडेला बसलो, मधूनमधून हाळी देत, बॅटरीचा झोत फिरवत. डुकरं एकदा आली आणि ओढ्याकडे पळाली. सकाळी पाहिलं तर साडेअकराच्या पुढची नोंद स्वच्छ होती, आणि त्या सगळ्या आठवड्यात आम्हाला मिळालेली तीच सगळ्यात चांगली रात्र ठरली.

सेकंदाला एक या ठोक्याचंच एवढं का वाटतं, तेही सांगतो.

आम्ही जमिनीत काहीही सोडत नाही. वीज नाही, बार नाही, औषध नाही. पृथ्वीवर कुठे ना कुठे सतत विजा पडत असतात, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, इंडोनेशियात. त्यांच्या लहरी जमीन आणि आकाशाच्या वरच्या थरांमधल्या पोकळीतून साऱ्या पृथ्वीभर फिरतात आणि तुमच्या रानापर्यंत पोचतात. सूर्याकडून येणारा कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हलवतो, त्यातून आणखी संथ लहरी येतात. या लहरी जमिनीत शिरल्या की जमिनीत अगदी बारीक प्रवाह खेळू लागतात. खडक कोरडा आणि टणक असेल तर प्रवाह अडतो, पाणी किंवा वितळलेला खडक असेल तर सहज वाहतो. आम्ही फक्त वरून दोन गोष्टी मोजतो, चुंबकीय क्षेत्र किती हललं आणि जमिनीतली वीज किती हलली. दोन्हींच्या प्रमाणावरून खालच्या खडकाचा विरोध, म्हणजे तो विजेला किती अडवतो, ते निघतं. रशियात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये ही रीत मांडली. सारी दुनिया आजही त्याच पायावर काम करते.

जलद लहर उथळ जाते, संथ लहर खोल जाते. खडकाचा विरोध १०० ओहम-मीटर (हे या विरोधाचं माप) धरला, तर सेकंदात शंभर हेलकावे घेणारी लहर सुमारे ५०० मीटर खाली पोचते. सेकंदाला एक हेलकावा घेणारी ५ किलोमीटर, आणि शंभर सेकंदांत एक घेणारी ५० किलोमीटर. आता अडचण अशी की विजांच्या लहरी जलद असतात, सूर्याकडच्या संथ असतात, आणि सेकंदाच्या आसपासचा पट्टा दोन्हींच्या मध्ये पडतो. तिथे निसर्गाचा आवाज सगळ्यात क्षीण. नेमक्या त्याच जागी झटका मशीन बोलते, आणि पाच-दहा किलोमीटर खोलीची बरीचशी माहिती त्याच पट्ट्यातून यायची असते. मोटारींचं वेगळं. त्यांचा पन्नास हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांचा गुंजारव आम्ही गणिताने बराचसा गाळू शकतो, पण मोटार सुरू-बंद होताना बसणारा धक्का आणि अर्थिंगमधून जमिनीत मुरणारी वीज गाळता येत नाही.

ही अडचण आजची नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्यात आलं. १९०४ पासून तिथली नोंद चालू आहे, आजही. शांत जागा त्या काळीही शोधावीच लागली होती.

रानात आम्ही काय करतो ते डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगतो. मध्ये पेटी आणि बारा व्होल्टची बॅटरी. तिथून चारही दिशांना पन्नासेक मीटरवर एकेक खड्डा, गुडघ्याएवढा. त्यात मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातला इलेक्ट्रोड (जमिनीतली वीज टिपणारं टोक), भोवती मिठाच्या पाण्यात कालवलेला चिखल, म्हणजे जमिनीशी नीट संपर्क राहतो. शिवाय हातभराहून लांब तीन नळकांडी, आत तांब्याच्या तारेची वेटोळी. एक उत्तर-दक्षिण पुरायचं, एक पूर्व-पश्चिम, एक उभं. पाणसळ लावून, होकायंत्र लावून. तारा जमिनीवर दाबून ठेवतो, कारण वाऱ्याने तार हलली तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ती हलते आणि तिच्यात वीज निर्माण होते. नळकांड्याजवळून ट्रॅक्टर गेला, बैलगाडीची लोखंडी धाव गेली, तर तेही नोंदीत उमटतं. दिवसभर, कधी दोन-तीन दिवस ठेवायचं आणि काढून न्यायचं. इलेक्ट्रोडमध्ये शिशाचं क्षार असतं, म्हणून तो रानात मागे राहता कामा नये. जाताना चारही भांडी आमच्याकडून मोजून घ्या. खड्डा बुजवला नसेल तर बुजवायला लावा. हा तुमचा हक्क आहे.

पाणाड्या नारळ घेऊन फिरतो किंवा बोअरच्या आधी मशीनवाला चार खुंट्या ठोकून पाणी सांगतो, त्यातलं हे काम नाही. तुमच्या बोअरची जागा मी सांगू शकणार नाही. माझी नजर त्याच्या कितीतरी खाली आहे.

आता त्या भीतीविषयी बोलतो, जी मला गावोगाव भेटते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या भागात कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा, कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ. तेव्हा एका आजींनी मला विचारलं होतं, "आपला काळा दगड जाळातूनच निघाला म्हनतेत, मंग खाली पुन्हा तेच पेटलं का?" प्रश्न रास्त आहे. आपला काळा पाषाण, मांजऱ्या, विहीर खणताना मध्येच लागणारा लाल थर, हे सगळं ज्वालामुखीच्या लाव्ह्याचंच आहे. पण ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. तो जाळ ज्या उगमातून आला, त्याच्यापासून आपली भूमी उत्तरेकडे सरकत फार दूर आली. तो उगम आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

जिवंत ज्वालामुखीच्या खाली काय असतं, हे पाहायचं तर बेटांच्या चापांकडे जावं लागतं. जपानच्या दक्षिणेला इझू-बोनिन-मारियाना हा सुमारे २८०० किलोमीटर लांब चाप आहे, बेटांची आणि पाण्याखालच्या ज्वालामुखींची धनुष्यासारखी वाकलेली रांग. आपल्या देशात अंदमानच्या पूर्वेला बॅरन बेट आहे. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहिलेलं ते बेट १९९१ मध्ये उसळलं, आणि त्यानंतरही अधूनमधून उसळत आलं आहे. तिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दुसऱ्या मोठ्या तुकड्याखाली, सरकत जातो. जाताना चिखलात, खनिजांत मुरलेलं पाणी घेऊन जातो. शंभरेक किलोमीटर खाली दाबाने आणि उष्णतेने ते पाणी सुटतं, वर चढतं आणि वरचा तापलेला खडक कमी उष्णतेतच वितळायला लावतं. तो वितळलेला रस चढत चढत कवचात साठतो, आणि त्यावर ज्वालामुखी उभा राहतो.

पाणी आणि वितळलेला खडक, दोन्ही विजेला वाट देतात. म्हणून चापांखालचं कवच बघायला ही रीत फार उपयोगाची. भूकंपाच्या लहरी खडकाचा घट्टपणा सांगतात. खडकाच्या फटींतून पाणी पसरलं आहे का, ते वीज जास्त चांगलं सांगते. टणक कोरड्या खडकाचा विरोध हजारो ओहम-मीटर, तर खारट पाण्याने भरलेल्या किंवा थोडाफार वितळलेल्या भागाचा त्याच्या शेकडो पट कमी. असे भाग नकाशावर वेगळे उठून दिसतात, कवचातला साठा कुठे, त्याला खालून येणारी वाट कुठे.

तिथलं काम सोपं नसतं. समुद्राचं पाणी स्वतःच विजेचा उत्तम वाहक आहे, विरोध जेमतेम ०.३ ओहम-मीटर. बेटावर पेटी ठेवली तर भोवतीचा समुद्र नोंद वाकवतो, खालचा खडक कमी आणि समुद्रच जास्त दिसतो. मग समुद्रतळाची खोली मोजून गणितात घालावी लागते. आणि नुसत्या बेटांवर भागत नाही, तळावरही उपकरणं सोडावी लागतात. जहाजातून वजन बांधून ती हजारो मीटर खाली सोडायची, महिनोन्महिने तिथे ठेवायची, मग वरून ध्वनीचा इशारा द्यायचा. वजन सुटतं, उपकरण तरंगत वर येतं. कधी येतही नाही. मारियानाच्या चापावर जपानी, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी असं काम केलं आहे. आणखी एक, वरचं पाणी जलद लहरी गिळून टाकतं, तळापर्यंत संथ लहरीच पोचतात. म्हणून तळाजवळचं कवच पाहायचं असेल तर जहाजामागून तार ओढत स्वतः वीज सोडावी लागते.

हे सगळं वाचताना मला नेहमी आपली रानं आठवतात. आपल्याकडे समुद्र नाही, हजारो मीटर पाण्याचा भार नाही. उभा-आडवा मोकळा माळ आहे, काळी जमीन ओलावा धरते त्यामुळे इलेक्ट्रोड छान बसतो. इथे आम्हाला नडतो तो फक्त माणसाच्या विजेचा गोंगाट. आणि तो एका रात्रीपुरता थांबवणं तुमच्या हातात आहे.

किल्लारीविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. ६.२ तीव्रतेचा धक्का आणि दहा हजारांच्या आसपास जीव गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचं घर उभं राहिलं, मामाचं राहिलं नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीने लादलेलं माळवद. त्या धक्क्यापेक्षा जास्त माणसं त्या माळवदांनी मारली, हे मी आजही म्हणतो.

त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला. खाली आठेक मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली २५० कोटी वर्षांहून जुने खडक. विचार करा, तुमच्या विहिरीच्या पायरीवरचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्याच्या पोटाखाली एवढं जुनं जग. दक्षिण भारताच्या त्या जुन्या खडकांपैकी काही आजच्या मारियानासारख्याच प्राचीन चापांत घडले असावेत, असं मतही भूशास्त्रात मांडलं गेलं आहे. म्हणून चापांचा अभ्यास मला कधी परका वाटला नाही.

त्याच संस्थेने तिथे आमच्या रीतीने मोजणीही केली. भूकंप जिथे झाला त्या खालच्या भागात सुमारे ६ ते १० किलोमीटर खोलीवर विजेला सहज वाट देणारा पट्टा सापडला. चापाखाली असा पट्टा दिसला तर पहिला संशय वितळलेल्या खडकाचा येतो. किल्लारीला तसं मानता येत नाही, कारण छिद्रातून मोजलेली जमिनीतली उष्णता कमीच भरली. तिथे खडक वितळायला लागणारी धग नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तो पट्टा फटींत अडकलेल्या पाण्याचा आहे, असा अर्थ लावला. त्या पाण्याच्या दाबाने खडक कमकुवत होतो आणि साठलेला ताण तिथे सुटायला वाव मिळतो. आजींच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच येतं. नाही आजी, खाली पेटलेलं नाही. पण कुठे काय मुरलेलं आहे, कुठे खडक फाटलेला आहे, ते प्रत्येक गावाखाली सारखं नसतं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तुमची फसवणूक होईल. भूकंप कधी होणार, हे या मोजणीतून कळत नाही. उद्या कोणी आमच्यासारखी पेटी दाखवून तारीख सांगायला लागला तर त्याला बाहेरची वाट दाखवा. मोजणीतून कमकुवत जागांचा नकाशा सुधारतो, कुठल्या पट्ट्यात घरं, शाळा, पाण्याच्या टाक्या जास्त जपून बांधायच्या, हे ठरवायला आधार मिळतो. ज्या घराच्या भिंतीला कोपऱ्यात जोड नाही आणि वर मातीचा भार आहे, त्याला मात्र माझ्या नकाशाची वाट पाहायची गरज नाही. ते आजच सावरायला हवं.

आता आमच्याकडून काय हवं ते तुम्ही मागा. आल्यावर ओळखपत्र आणि प्रशासनाचं पत्र पाहा. ग्रामसभेत उभं राहून मराठीत सांगा, असं म्हणा. पीक तुडवलं तर भरपाई तिथेच ठरवा. आणि मोजणीनंतर काय निघालं ते पुन्हा गावात येऊन सांगायला लावा. हा शेवटचा मुद्दा माझ्या मनाला फार लागून आहे. इंग्रजीत शोधनिबंध छापून येतो, नकाशात तुमच्या गावाच्या जागी एक त्रिकोण असतो, आणि ज्याच्या बांधावर तो त्रिकोण आहे त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. माझ्याकडून असं झालं आहे. पुढे होणार नाही, एवढा शब्द देतो.

राखणीला बसलेल्या त्या काकांनी पहाटे मला विचारलं होतं, "मंग, काय दिसलं?" मी तेव्हा म्हणालो, आकडेमोड व्हायची आहे, नंतर सांगतो. ती आकडेमोड आता झाली आहे. तूर निघाल्यावर मी त्यांच्या गावी जाणार आहे, नकाशा मोठ्या कागदावर काढून. आजूबाजूच्या गावांनीही यावं. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकू.

आपला नम्र,
औसा तालुक्यातला एक भूभौतिकी संशोधक